टोपी उतरते तेव्हा

चाकांची करकर थांबते. राजाराम महाराजांची कारकीर्द आहे आणि तुम्ही कोल्हापूरजवळच्या माळावर बैलगाडीचा कठडा धरून बसला आहात. हातभर अंतरावर चित्ता. गळ्यात पट्टा, डोळ्यांवर टोपी, घशात मांजरासारखी घरघर.

"हलू नगा," चित्तेवान पुटपुटतो आणि टोपी उतरवतो. डोळ्यांपासून तोंडापर्यंत ओघळलेल्या दोन काळ्या रेघा दिसतात न दिसतात, तोवर जनावर गाडीवरून गेलेलं असतं. काळविटांचा कळप उधळतो. धुळीचा लोट, मग शांतता. चित्तेवान धावत जाऊन लाकडी पळीत रक्त धरतो. चित्ता ते चाटण्यात गुंतला की पुन्हा टोपी.

"कुठला हो हा?"

"आफ्रिकेचा. आपल्याकडं आता गावत न्हाई."

पिंजऱ्यात चित्ता सहसा वीत नाही. म्हणून शेकडो वर्षं दरबारांनी शिकारीचे चित्ते रानातूनच धरून आणले, आणि रान रितं झालं तेव्हा आफ्रिकेतून मागवले. 1947 मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते टिपले. 1952 मध्ये सरकारने चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर केलं. वन्यजीव संरक्षण कायदा झाला 1972 मध्ये, आणि त्याच्या पहिल्या अनुसूचीत चित्त्याचं नाव छापलं गेलं. वीस वर्षं उशिरा! पुढच्याच वर्षी उत्तर ध्रुवाभोवतीच्या पाच देशांनी ध्रुवीय अस्वलासाठी करार केला. ते अस्वल तेव्हा बर्फावर हिंडत होतं. हा फरक माझ्या जिवाला लागतो.

आता 1958 मध्ये, दाजीपूरला या. कोल्हापूर संस्थानच्या शिकारीचं हे राखीव रान यंदा गव्यांचं अभयारण्य झालंय. ओल्या कारवीतून आधी उग्र वास येतो, मग काळाभोर खांदा, मग गुडघ्याखाली पांढरे मोजे चढवल्यासारखे पाय. इथे बंदुकीला वेळेत अडवलं.

आणि आज? 1985 मध्ये वाढून राधानगरी अभयारण्य झालेलं हेच रान 351 चौरस किलोमीटरचं आहे. रात्री तुम्ही रानालगतच्या बांधावर राखणीला बसलेल्या शेतकऱ्याशेजारी आहात. गव्यांनी ज्याचं भात तुडवलं त्याचा राग खरा आहे. त्याला वेळेत भरपाई मिळणं हेही गव्याचंच संरक्षण आहे. उसात काहीतरी मोडतं. शेतकरी डबा बडवतो, बॅटरी मारतो. उजेडात दोन हिरवट डोळे थबकतात. गवा जोरात फुसकारतो, वळतो आणि जंगलाकडे चालू लागतो.