टिप्पणी आणि आज्ञा

समासातील टिपण संहितेचा भाग मानावे काय, हा प्रश्न पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना नवा नाही. संगणकभाषांच्या इतिहासातही तो उद्भवलेला दिसतो. प्रोग्राममधील बहुतेक वाक्ये यंत्राने काय करावे ते सांगतात. काही मात्र ही संहिता कशी वाचावी, हे कंपायलरला बजावतात. या निर्देशांना व्याकरणात कोठे स्थान द्यावे?

अल्गोल ६८ या भाषेने टिप्पणी आणि 'प्रॅग्मॅट' असा स्पष्ट भेद केला. टिप्पणी माणसासाठी, प्रॅग्मॅट कंपायलरसाठी. १९९४च्या पर्ल ५मध्ये 'यूज स्ट्रिक्ट' हा निर्देश मॉड्यूल वापरण्याच्या नेहमीच्याच वाक्यरचनेत आला.

पायथनमध्ये हा वाद २००१ साली उभा राहिला. आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनमधील नावे दिसावीत, असा बदल होऊ घातला होता. त्यामुळे जुन्या वाक्याचा अर्थ बदलण्याचा संभव होता, म्हणून नवा नियम मागून घेण्याची सोय हवी होती. 'डिरेक्टिव्ह' असे स्वतंत्र विधानच भाषेत असावे, हा प्रस्ताव (पीईपी २४४) फेटाळला गेला. स्वीकारले गेले ते 'फ्रॉम __फ्यूचर__ इंपोर्ट' (पीईपी २३६). रूप साध्या आयातीचे. परंतु जागा फाइलच्या आरंभीच, आणि दखल कंपायलरने घ्यायची. हे मॉड्यूल नसलेली जुनी आवृत्ती अशा ओळीवर अडते. आमच्या मते हेच तिचे मोठेपण आहे: न समजलेली आज्ञा ती समजल्याचे सोंग करीत नाही.

२००३च्या पायथन २.३मध्ये दुसरा मार्ग आला. फाइल कोणत्या अक्षरसंकेतात आहे, हे पहिल्या वा दुसऱ्या ओळीतील टिप्पणीत लिहावयाचे. त्यामागे कारण होते. लिपीच ठाऊक नसेल तर पुढचे वाचणार कसे? शिवाय ईमॅक्स आणि व्हिम हे संपादक अशा ओळी ओळखतच होते. मात्र त्यायोगे टिप्पणीची निरुपद्रवता गेली. तोच मजकूर तिसऱ्या ओळीत गेला की निरर्थक. 'कोडिंग' या शब्दातले एक अक्षर चुकले, तर ती पुन्हा केवळ टिप्पणी. तिच्याविषयी तक्रार नाही. पायथन २.५पासून दोष दाखविला जाई तो खाली कोठेतरी, देवनागरी मजकुराच्या ओळीवर. २००८च्या पायथन ३ने यूटीएफ-८ गृहीत धरले आणि मराठी लिहिणाऱ्याची ही कटकट बव्हंशी संपली.

निर्देशाचे रूप कसे असावे, याविषयी मतभेद राहतील. आम्हांस एवढेच वाटते, की जी ओळ अर्थ बदलते तिने टिप्पणीचा वेष घेऊ नये. टिप्पणी पुसली तरी संहितेचा अर्थ तोच राहील, हा वाचकाचा विश्वास व्याकरणाने जपला पाहिजे.