पेटकर, मुरलीकांत

(१ नोव्हेंबर १९४४ – ). भारतीय जलतरणपटू, पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारे पहिले भारतीय. जन्म सांगली जिल्ह्यात. लष्कराच्या ईएमई (विद्युत व यांत्रिकी अभियांत्रिकी) विभागात कारागीर असताना त्यांनी मुष्टियोद्धा म्हणून नाव कमावले होते.

१९६५ च्या भारत-पाक युद्धात अनेक गोळ्या लागून ते कमरेखाली लुळे पडले. रिंगण कायमचे सुटले. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून पोहणे सुरू झाले, आणि त्या औषधालाच पुढे स्पर्धेची धार आली. केवळ जिद्दीचे गोडवे गाताना उपचारांचा हा वाटा सहसा विसरला जातो.

१९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्तशैलीत त्यांनी ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून सुवर्ण पटकावले. त्याच स्पर्धेत ते भालाफेकीतही उतरले होते. ऑलिम्पिकमधील भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण त्यानंतर ३६ वर्षांनी आले.

सरकारदरबारी मात्र दखल उशिराच घेतली गेली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) हा हिंदी चित्रपट त्यांच्या जीवनावर आधारित आहे.