कुलाब्याचे अफगाण चर्च

मुंबईत कुलाब्याच्या बाजारावरून तसेच दक्षिणेला नेव्हीनगरच्या रस्त्याने चालत गेलात, म्हणजे झाडांच्या वर एक टोकदार दगडी मनोरा दिसू लागतो. हेच अफगाण चर्च. त्याचे खरे नाव संत योहानाचे. पण ते पाटीवर राहिले, लोकांच्या तोंडी अफगाणच बसले.

नावावरून वाटेल, अफगाणांनीच बांधले असेल. तसे नाही. अफगाणांशी लढताना जे गेले, त्यांच्या आठवणीसाठी ते बांधले. शाहशुजाला काबूलच्या गादीवर बसवायचे म्हणून कंपनी सरकारने १८३८ साली फौजा धाडल्या. त्यांतली एक मुंबईहून बोटीने सिंधला गेली आणि तिथून बोलन खिंडीने वर चढली. मुंबईच्या पलटणींत कोकणातले नि देशावरचे शिपाई पुष्कळ. ज्याने कधी बर्फ पाहिला नव्हता, त्याला तिथे हिवाळा काढावा लागला! पुढे जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना बंगालची फौज जवळजवळ सगळी कापली गेली. सैनिक साडेचार हजार, पण बरोबरचे नोकरचाकर, हमाल, बायकामुले मिळून बारा हजारांच्या आसपास. लढाई म्हटली की ही दुसरी मंडळी आपण मोजत नाही.

चर्चचा पायाचा दगड ४ डिसेंबर १८४७ ला बसला. नकाशा हेन्री कॉनिबेअर यांचा. मुंबईला पाणी देणाऱ्या विहार तलावाची योजना आखणारे हेच गृहस्थ. दगड कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा. ७ जानेवारी १८५८ ला बिशपच्या हस्ते चर्च पावन झाले, तेव्हा उत्तरेत सत्तावनचा उठाव अजून विझला नव्हता. प्रार्थनेच्या बाकांना बंदुका टेकवायला खाचा आहेत. देवापुढे बसतानाही हत्यार हाताशी! त्या काळाची भीती एवढ्या एका खाचेत कळते.

आता खुणा पाहू. आपल्या देवळात गाभारा, तशी इथे वेदी. परंपरेने ती पूर्वेला. टोकदार कमानी आणि वर निमुळता होत जाणारा मनोरा नजर आभाळाकडे नेतात. संत योहानाची खूण गरुड, कारण त्याचे शुभवर्तमान सर्वांत उंच भरारी घेते, असे ख्रिस्ती लोक मानतात. रंगीत काचा इंग्लंडच्या विल्यम वेल्स यांच्या. निरक्षराला त्या चित्रांतून कथा कळावी, ही काचचित्रांची जुनी रीत. आपल्याकडचे चित्रकथीच म्हणा ना.

पण खरे वाचायचे ते वेदीजवळच्या भिंतीवर. तिथे अफगाण आणि सिंधच्या मोहिमांत पडलेल्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. खाली लेख आहे. त्याचा आशय असा, की आजाराने वा तलवारीने गेलेले साधे शिपाई इतके झाले, की त्यांची नावे लिहिता आली नाहीत. जागा पुरली नाही म्हणावे, तर मनोरा १९८ फूट उंच बांधला! शिक्षक बंधूंनी सहल नेली, तर काचांच्या आधी मुलांना हा लेख दाखवावा.

मनोरा १८६५ साली पुरा झाला. आठ घंटा १९०४ साली आल्या. १९७० पासून हे चर्च उत्तर भारताच्या संयुक्त चर्चकडे आहे. पूर्वी बंदरात शिरणाऱ्या गलबतांना हा मनोरा लांबून दिसे, आणि खलाशी त्यावरून दिशा धरीत.