पुण्याचे सायकलयुग आणि रस्त्यावरील हक्क

रस्त्याच्या वापरावरून तंटे होणे ही मोटारीबरोबर आपल्या शहरांत आलेली गोष्ट नव्हे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे जी कामे सोपविलेली असत, त्यांत बाजारभावांवरील देखरेख आणि शहरात येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद यांच्या जोडीने रस्ते, गल्ल्या आणि घरे यांसंबंधीच्या तक्रारींचा निवाडा करणे हेही एक काम होते. कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण या पेठांतील वाटा पायी चालणारा माणूस, लादलेला बैल आणि घोडेस्वार यांच्या मापाने पडल्या होत्या. पालखीत बसण्याचा मान सरकारातून मिळत असल्यामुळे कोणी कोणाला वाट द्यावी, हा प्रश्न बहुधा दरबारी प्रतिष्ठेनेच सुटत असे.

इंग्रजी अंमलात या प्रतिष्ठेची जागा निदान कागदावर तरी कायद्याने घेतली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील २७९ व्या कलमाने सार्वजनिक रस्त्यावर बेफामपणे किंवा निष्काळजीपणाने वाहन हाकून अथवा घोडा दौडवून इतरांचे जीवित धोक्यात आणणे हा अपराध ठरविला, आणि १८७० साली जोडलेल्या ३०४-अ कलमाने हयगयीमुळे घडणाऱ्या मृत्यूला शिक्षा सांगितली. त्या वेळी या देशात मोटार नव्हती, सायकलही नव्हती. तथापि ज्याच्या गतीमुळे दुसऱ्याच्या जिवाला अपाय होऊ शकतो त्यानेच सावधगिरीचा भार उचलला पाहिजे, हे तत्त्व त्या कलमांत स्वच्छ दिसते. पुढील शंभर वर्षांत पुण्याच्या रस्त्यांवर जे घडले, ते या तत्त्वाचा हळूहळू विसर पडण्याचा इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्याने सायकल जितक्या आपुलकीने स्वीकारली, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या शहराने स्वीकारली असेल, आणि ‘सायकलींचे शहर’ हे बिरुद त्याला सार्थपणे मिळाले. १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे सकाळी जाणारे आणि भोंगा झाल्यावर परतणारे कामगार, कचेरीतले कारकून, कॅरिअरला चरव्या अडकविलेले दूधवाले, पोस्टमन, प्राध्यापक आणि दांडीवर धाकट्या भावाला बसवून शाळा गाठणारे विद्यार्थी या सर्वांचे वाहन एकच होते. ज्याला सायकल विकत घेणे परवडत नसे, त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून ती तासाच्या भाड्याने मिळे. मुलींना तर या वाहनाने, कोणाच्या सोबतीवाचून आणि टांग्याच्या भाड्यावाचून, कॉलेजचा रस्ता मोकळा करून दिला. समाजसुधारकांच्या अनेक व्याख्यानांनी जे साधले नसते ते या दोन चाकांनी निमूटपणे साधले, असे मला मनापासून वाटते.

त्या काळीही रस्त्यावर कुरबुरी होत्याच. टांगेवाला सायकलस्वारावर खेकसे, सायकलस्वार घंटा वाजवून पादचाऱ्याला दचकवी, आणि मंडईजवळच्या गर्दीत भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई दोघांनाही खडे बोल सुनावी. परंतु या सर्वांच्या गतीत आणि वजनात फार मोठे अंतर नसल्यामुळे तंटा बहुधा शब्दांवर, फार तर खरचटलेल्या गुडघ्यावर मिटत असे.

सरकारदरबारी मात्र सायकलस्वाराची दखल घेतली गेली ती मुख्यतः कर आणि दंड यांपुरतीच. वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार नगरपालिकांना होता, आणि तो १९४९ च्या महानगरपालिका कायद्यातही कायम राहिला. सायकलीला कराचा बिल्ला हवा, रात्री दिवा हवा, ‘डबलसीट’ नको, असे नियम होते. आणि दिव्यावाचून चाललेल्या विद्यार्थ्याला चौकातला शिपाई अडवीत असे. या नियमांत गैर काही नव्हते. परंतु ज्याच्याकडून कर घेतला, त्याला रस्त्याची एक स्वतंत्र पट्टी आखून द्यावी हा विचार कारभाराच्या अंगवळणी पडला नाही. सर्व रस्ताच सायकलींनी भरलेला असताना त्याची निकड कोणाला भासलीही नसेल.

ती निकड निर्माण झाली तेव्हा वेळ निघून गेली होती. १९५० च्या सुमारास उद्योजक नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने आलेल्या ऑटोरिक्षेने टांग्याला मागे सारले. १९६० नंतर आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजच्या स्कूटरी बाहेर पडू लागल्या, आणि त्यांच्यासाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबले. १९७२ साली आलेल्या लूना मोपेडने तर पायडल मारणाऱ्यालाच स्वस्तात इंजिन दिले. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. सायकलस्वाराला रस्त्यावरून हटविणारा मनुष्य कोणी परका नव्हता. तो कालपर्यंत सायकलच चालवीत होता, आणि गाडी उभी करून चार पावले टाकताच तोही पादचारीच होत होता. म्हणून हा कलह तीन जातींच्या माणसांमधला नाही. एकाच माणसाच्या तीन अवस्थांपैकी ज्या अवस्थेत त्याच्या हाती इंजिन असते, त्याच अवस्थेच्या सोयीने रस्ता आखला गेला, हे त्याचे मूळ आहे.

रस्ते रुंद झाले तेव्हा ती रुंदी मोटारीच्या वाट्याला गेली. एकेरी वाहतुकीने गती वाढली, पण सायकलस्वाराला वळसा पडला आणि पलीकडे जाणाऱ्या वृद्धाचा धीर खचला. उलट बाजूने येणारी सायकल किंवा रस्त्याच्या मधून चालणारा पादचारी यांना दोष देणे सोपे आहे, आणि नियमभंगाचे समर्थन मी करणार नाही; परंतु ज्याचा पदपथ दुकानांनी आणि उभ्या गाड्यांनी व्यापला आहे, त्याने चालावे कोठे, याचे उत्तर आधी द्यावयास हवे. पदपथावर किंवा सायकलमार्गावर मोटार घालू नये असा स्पष्ट दंडक १९८९ च्या रस्तानियमांत होता. तरीही गर्दीच्या वेळी पदपथावरून स्कूटर हाकणारा मनुष्य मागून हॉर्न वाजवितो आणि चालणारा बाजूला होतो.

गेल्या काही वर्षांत ही वृत्ती पालटू लागली आहे. महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण आणि २०१७ साली सायकल आराखडा मान्य केला. ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून चालणाऱ्यांच्या स्वाधीन केला. हे पाऊल योग्य दिशेचे आहे; मात्र वर्षातील एका दिवसाचा मान म्हणजे हक्क नव्हे. पेशवाईत रस्त्यावरचा मान पालखीबरोबर येत असे, आज तो इंजिनाच्या शक्तीबरोबर येतो. आणि जोवर सर्वांत दुर्बळ वाटसरूच्या सुरक्षिततेपासून रस्त्याची आखणी सुरू होत नाही, तोवर दंडसंहितेने १८६० साली मान्य केलेले तत्त्व आपण आचरणात आणले, असे म्हणण्याचा अधिकार या शहराला नाही.