पुण्याची कोतवाली व घराचा उंबरठा

पुणें शहराच्या कोतवालीविषयीं सर्वसामान्य वाचकास जें कांहीं ठाऊक असतें, तें बहुतेक घाशीराम सावळदासापाशीं सुरू होऊन तेथेंच संपतें. इ. स. १७७७ त झालेली त्याची नेमणूक, १७९१ च्या ऑगस्टांत कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांचे मृत्यू आणि जमावाच्या दगडांखालीं झालेला त्याचा शेवट, ही हकीकत इतकी गाजली कीं, तिच्या गलक्यांत कोतवालीचें रोजचें काम ऐकूं येईनासें झालें. आमच्या मतें तें रोजचें कामच अधिक अभ्यसनीय होय. शहराच्या सत्तेनें गृहस्थाच्या घराचा उंबरठा कोठवर ओलांडावा, या प्रश्नाचें एक जुनें लेखी उत्तर त्यांत आहे.

हा प्रश्न आज पाळणाघरांच्या निमित्तानें पुन्हा उभा राहतो. एखाद्या बाईनें आपल्या राहत्या घरीं शेजारपाजारचीं मुलें दिवसभर सांभाळलीं, तर तें घर घरच राहतें कीं पेढीदुकानाच्या सदरांत जातें, आणि परवाना द्यावयाचा तो कोणीं? पेशवाईंत पाळणाघर नव्हतें. परंतु घराविषयीं शहरानें काय विचारावें, हें ठरलेलें होतें.

थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत, १७६४ सालीं, बाळाजी नारायण केतकर यांजकडे कोतवाली आली. कोतवालाच्या कामाचीं जीं कलमें रोजनिशींतून कळतात, त्यांत चोरांचा बंदोबस्त हा एकच विषय नाहीं. पेठांतील मोठे तंटे कोतवालानें निवडावे, लहानसहान तंटे चावडीवरील अंमलदारांनीं. रस्ते, बोळ व घरें यांविषयींच्या कज्जांचा निकाल करावा. जिनसांचे भाव ठरवावे. सरकारकामास मजूर पुरवावे. घरें व जागा यांच्या खरेदीविक्रीवर देखरेख करून सरकारचा हक्क वसूल करावा. खानेसुमारी करावी व शहरांत आला-गेला त्याची नोंद ठेवावी. खानेसुमारी या शब्दाचाच अर्थ घरांची मोजदाद.

हीं कलमें एकत्र वाचलीं म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. घर कोठें उभें आहे, कोणाकडे गेलें, त्यांत कोण राहतो, एवढें कोतवाल विचारी. आंत गृहस्थाचा संसार कसा चालतो, हें या कलमांत नाहीं. अर्थात् तो विषय मोकळा होता असें मुळींच नव्हे. तो जात, कुलाचार व धर्मसभा यांच्या ताब्यांत होता, आणि त्यांचा जाच कोतवालापेक्षां कमी होता असें कोणी म्हणणार नाहीं.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजीं शहर इंग्रजांच्या हातीं गेलें. एल्फिन्स्टन यांनीं १८१९ च्या आपल्या अहवालांत कोतवालीचे प्यादे, स्वार व रामोशी यांचा उल्लेख करून तिचा खर्च दरमहा ९,००० रुपये दिला आहे, आणि एवढ्या मोठ्या शहरांत मालमत्ता बरीच सुरक्षित होती असा अभिप्रायही दिला आहे. जिंकणाऱ्याची ही साक्ष हलकी नव्हे.

म्युनिसिपालिटी ही कोतवालीचीच वारस, असें पुष्कळदां गृहीत धरलें जातें. आम्हांस तें मान्य नाहीं. ती १८५७ त स्थापन झाली ती १८५० च्या २६ व्या कायद्यान्वयें, आणि तो कायदा रहिवाशांच्या मागणीवरून लागू व्हावयाचा होता. कोतवालाची सत्ता सनदेची, म्हणून सरकारची. म्युनिसिपालिटीची सत्ता कायद्यांत लिहिली असेल तेवढीच. मधलीं चाळीस वर्षें दोहोंमध्यें खंड आहे. पुढें १८९७ त प्लेगाच्या वेळीं घरांत शिरण्याची वेळ आली, तेव्हां हें उघड झालें. फेब्रुवारींत साथरोगांचा कायदा झाला, सरकारनें रँडसाहेबांच्या हाताखालीं स्वतंत्र कमिटी नेमली आणि मार्चांत गोरे शिपाई माजघरांत व देवघरांत शिरले. २२ जूनची घटना सर्वश्रुत आहे. कोतवालानें जेथें नांव लिहून घेतलें असतें, तेथें शिपायानें दार उघडविलें.

१५ फेब्रुवारी १९५० पासून महानगरपालिका झाली. तिची सत्ता १९४९ च्या अधिनियमांतली. मुलें सांभाळण्याच्या खोलीची सक्ती १९४८ च्या कारखाना-कायद्यानें केली ती मालकावर, घरावर नव्हे. २०१७ च्या दुकानें व आस्थापना अधिनियमानें थोडीं माणसें कामास ठेवणाऱ्यांस नोंदणीऐवजीं नुसती सूचना देण्याची मुभा दिली. सूचना देणें, म्हणजे कोण, कोठें व काय एवढें कळविणें, हें आम्हांस परवान्यापेक्षां खानेसुमारीच्या जवळचें वाटतें. मात्र तान्हीं मुलें परक्याच्या हवालीं असतां नुसत्या नोंदीनें भागावें काय, याचें उत्तर जुन्या कलमांत शोधणें व्यर्थ. तेथें मूल घरच्यांच्याच हातीं धरलेलें आहे.

पेठांतील जुन्या घरांचीं खरेदीखतें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांवरील शेरे व शिक्के पहावे, कोणत्या चावडीकडून व किती हक्क घेतला तें टिपावें, आणि नकला मंडळाकडे पाठवाव्या. वाडे पाडले जात आहेत, आणि वाड्याबरोबर कागदांचीं दप्तरेंही रद्दींत जातात.