बटाट्याचा काळ आणि एक पाद्री

आयर्लंडात १८४५ पासून बटाटा सडला आणि काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे अन्नावाचून व तापाने मेली. ही हकीकत वाचताना माझे मन रेंगाळते ते माइल्स बर्कली या इंग्रज पाद्र्यापाशी. किंग्ज क्लिफ या खेड्यात बसून हा गृहस्थ सूक्ष्मदर्शकाखाली बुरशा न्याहाळीत असे. लिंडलेसारखे नामांकित पंडित सांगत होते की, पावसाने झाड पाणी पिऊन कुजले; बुरशी आली ती मागाहून. बर्कलीने १८४६ साली उलट लिहिले: बुरशी हेच रोगाचे मूळ! पाश्चरचे जंतुशास्त्र तेव्हा जन्मायचे होते. खेड्यातल्या पाद्र्याचे कोण ऐकतो? १८६१ मध्ये जर्मनीच्या द बारीने प्रयोगाने ते सिद्ध केले आणि १८७६ मध्ये त्या जीवाला नाव दिले ‘फायटोफ्थोरा’, म्हणजे वनस्पतिसंहारक. ही खरी बुरशी नसून तपकिरी शैवलांची दूरची भावकी आहे, हे पुष्कळ पुढे ठरले.

औषध सापडले तेही चोरांच्या कृपेने. फ्रान्समधील मेदोकचे बागाईतदार वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपीत. द्राक्षांवरचा केवडा हा बटाट्याच्या रोगाचाच भाऊबंद. त्या वेली केवड्यातून वाचल्याचे मियार्देने १८८२ मध्ये हेरले. तेच हे बोर्डो मिश्रण. सुपारीचा कोळेरोगही फायटोफ्थोराचाच. म्हणून कोकणात पावसाच्या तोंडावर गडी पोफळीवर चढतो आणि घडांवर तेच निळे पाणी मारतो.