अकीकची चमक आणि फिरता डबा

अकीक आपल्या घरांत नवा नाही. कुणाच्या आजोबांच्या अंगठीत, कुणाच्या तसबीहमध्ये हा दगड असतोच. पण खडबडीत गारगोटीला ती चमक कशी येते, हे आपण सहसा विचारत नाही. मला ते माझ्या विद्यार्थ्यांनी विचारलं. शेतातून, नदीच्या पात्रातून मुलं गारगोट्या आणतात. आपला दख्खन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बनलेला आहे आणि त्या खडकाच्या पोकळ्यांत असे दगड तयार झाले. मुलांना ते पॉलिश करायचे होते. प्रश्न सरळ होता : दगड घोळवणारं छोटं यंत्र विकत घ्यायचं की स्वतः बनवायचं? खर्च कमी हवा, हे सांगायला नकोच.

उत्तरासाठी मी गुजरातमधल्या खंबायतचा, म्हणजे आजच्या खंभातचा इतिहास वाचला. तिथे अकीक येतो तो राजपिपळ्याच्या डोंगराळ भागातल्या रतनपूरच्या खाणींतून. रतनपूरला बाबा घोर या हबशी पीरांचा दर्गा आहे. हा धंदा त्यांनीच उभा केला, अशी परंपरा सांगते. पुरातत्त्व मात्र आणखी मागे जातं. लोथलला हडप्पाकाळातला मण्यांचा कारखाना सापडला आहे, म्हणजे हा हुनर ४,००० वर्षांहून जुना. परंपरा खोडून काढायचं कारण नाही. सिद्दी समाजाचं या दगडाशी असलेलं जुनं नातं तिने जपून ठेवलं आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८० च्या खंडात खंबायतच्या पॉलिशचं वर्णन आहे. सुमारे दोन फूट लांबीची चामड्याची पिशवी घ्यायची. तिच्यात मणी, कुरुंदाची पूड आणि अकीकचीच बारीक भुकटी भरून तोंड बांधायचं. पिशवीला पट्टा गुंडाळून खोलीच्या दोन टोकांना दोन माणसं बसत आणि ती एकमेकांकडे ओढत, लोळवत. हे १० ते १५ दिवस चाले आणि चामडं पाण्याने सतत ओलं ठेवलं जाई. पुढे पिशवीची जागा पिंपाने घेतली आणि माणसांची मोटरने. आमच्या यंत्राचं तत्त्व तेच : दगड, कठीण पूड, पाणी आणि भरपूर सबर.

आता हिशोब. विकतच्या यंत्रात पैसे जातात ते दोन गोष्टींसाठी : रबरी डबा आणि न थांबता चालणारी मोटर. ज्याला घरी मूठभर दगड घोळवायचे आहेत, त्याने विकतच घ्यावं. स्वस्त खेळण्यासारखं यंत्र घेताना मात्र मोटर सतत चालण्याजोगी आहे का, हे आधी विचारावं. कारण भरड, मध्यम, बारीक आणि शेवटी पॉलिश असे चार टप्पे असतात. प्रत्येकी एक आठवडा धरला तरी ६७२ तास होतात. २५ वॅटची मोटर त्यात साधारण १७ युनिट वीज खाते.

शाळेसाठी मात्र मी अर्धं बनवण्याच्या बाजूने आहे. सांगाडा, बेअरिंगवर फिरणाऱ्या दोन समांतर सळया, त्यांवर चढवलेली रबरी नळी, पुली आणि पट्टा हे गावातला फॅब्रिकेशनवाला करून देतो. मिनिटाला १,४०० फेऱ्यांची मोटर, तिच्यावर ५ सेंटिमीटरची पुली, सळईवर २५ सेंटिमीटरची. म्हणजे सळई २८० फेरे घेते. सळई रबरासकट २ सेंटिमीटर आणि डबा १५ सेंटिमीटर जाड असेल, तर डबा मिनिटाला साधारण ३७ वेळा फिरतो. हा वेग योग्य आहे. फार वेगात दगड डब्याच्या भिंतीला चिकटून नुसते फिरतात, घासले जात नाहीत. हे गणित आठवीतलं मूल करू शकतं आणि विकतच्या यंत्राबरोबर ते मिळत नाही. डबा आणि मोटर मात्र विकतच घ्यावी. साध्या प्लास्टिकच्या बरणीला आतून दगडच झिजवतात आणि आवाजाने शेजारी हैराण होतात.

काटकसर कुठे करायची नाही, हेही खंभातच शिकवतं. पिशवीत घोळणारा दगड ओला असतो. पण चाकावर कोरडा दगड घासणाऱ्या कारीगरांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ जाते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. खंभातमध्ये या आजाराने घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली आहेत. अंगठीच्या किमतीत ही किंमत कुठे लिहिलेली नसते.

म्हणून आमचे नियम ठरलेले आहेत. डब्यात पाणी नसेल तर मोटर सुरू होणार नाही. घासायचं चाक शाळेत येणार नाही. टप्पा बदलताना दगड आणि डबा नीट धुवायचा, कारण भरड पुडीचा एक कण पुढचं पॉलिश ओरखडतो. उरलेला गाळ मोरीत ओतायचा नाही, तिथे तो सिमेंटसारखा बसतो. तो ओला असतानाच खड्ड्यात पुरायचा. यंत्रावर वाचवलेले पैसे चांगल्या पुडीवर खर्च करावेत. धुळीपासूनच्या बचावात एक रुपयाही वाचवू नये.